पोक, मणका आणि देवघराची उंची : सिडकोतल्या एका आजींचं प्रकरण

नाशिकच्या सिडको भागातल्या ७१ वर्षांच्या एक आजी. घरच्यांची तक्रार एक आणि आजींची दुसरी. मुलगा-सून म्हणतात, "गेल्या दोन-तीन वर्षांत आई फारच वाकली." आजी वाकण्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की दुपार झाली की दोन्ही फऱ्यांच्या मधोमध आग होते, चार घास खाल्ले की पोट तुडुंब वाटतं, पहिल्या मजल्याचा जिना चढताना मध्येच थांबावं लागतं आणि समोरून कोण येतंय ते बघायला मान उचलावी लागते.

या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे. पाठीचा वरचा भाग प्रमाणाबाहेर पुढे वाकला की छातीचा पिंजरा खाली दबतो, फुप्फुसांना फुलायला जागा उरत नाही, बरगड्या पोटावर टेकू लागतात आणि नजर जमिनीकडे जाते. नजर समोर आणायची तर मान मागे मोडावी लागते, म्हणून मान दुखते. वरच्या पाठीला थोडा बाक सगळ्यांनाच असतो. तरुणपणी तो साधारण २० ते ४० अंशांचा असतो. ४० अंशांच्या पुढे गेला की डॉक्टर त्याला हायपरकायफोसिस म्हणतात, आपण पोक म्हणतो. म्हाताऱ्या माणसांत तो २० ते ४० टक्के जणांत आढळतो. इतका सर्रास दिसतो म्हणूनच 'वय झालं, वाकणारच' असं म्हणून सोडून दिला जातो, आणि नुकसान तिथेच होतं.

पुढे मांडलेलं प्रकरण प्रातिनिधिक आहे. ते सविस्तर लिहिण्याचं कारण एवढंच, की अशा बाकात दोन वाटे असतात. एक हाडाचा : मणका दबून पाचरीसारखा झालेला असतो, तो पुन्हा चौकोनी होत नाही. दुसरा स्नायूंचा, सवयीचा आणि आखडलेल्या सांध्यांचा, आणि हा बऱ्यापैकी परत मिळवता येतो. कोणता वाटा किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. न मोजता सुरू केलेला व्यायाम कधी निरुपयोगी ठरतो, कधी थेट घातक.

आधी काय काय घडलं होतं

आजींची गर्भपिशवी ४१व्या वर्षी अंडाशयांसकट काढलेली होती. ही माहिती त्यांनी आपणहून दिली नाही, विचारल्यावर दिली. आपल्याकडे 'पिशवी काढली' हे वाक्य बायका इतक्या सहज बोलतात, की त्याचा हाडांशी संबंध कुणी जोडत नाही. अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन एकदम तुटतं आणि हाडांची झीज त्याच दिवसापासून वेग घेते. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या मानाने आजींची हाडं काही वर्षं जास्त झिजली होती. त्यानंतर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची तपासणी, काहीच झालेलं नव्हतं. तरुणपणातली पंचवीसेक वर्षं शिलाई मशीनवर गेलेली. मशीनवर पाठ गोल आणि खांदे पुढे, तीच ठेवण अंगात मुरलेली.

एप्रिलमध्ये रामनवमीला काळाराम मंदिरात जाताना त्या मुलाच्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. न दिसलेल्या गतिरोधकावरून गाडी उडाली, पाठीत कट्कन झालं. पडझड काही झाली नाही, म्हणून एक्स-रे काढला गेला नाही. ठिसूळ हाडांच्या बाबतीत हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं : मणका मोडायला पडावंच लागतं असं नाही. आदळणारी मागची सीट, खाली वाकून उचललेली भरली बादली, कधी नुसता जोरात आलेला खोकलाही पुरतो. मणक्यांचे बरेचसे फ्रॅक्चर असे कुणाच्या लक्षातही न येता होऊन जातात.

तीन आठवडे झोपून काढले, तेल लावून चोळून घेतलं, औषधाच्या दुकानातून कमरेचा पट्टा आणला. तो पट्टा कमरेच्या मणक्यांसाठीचा होता. दुखत होतं ते त्याच्या वरच्या कडेपासून चांगलं वीतभर वर. चुकीच्या ठिकाणी लावलेल्या पट्ट्याने आधार तर मिळाला नाहीच, उलट पोट आवळलं गेल्याने आजी आणखी पुढे झुकल्या.

जूनमध्ये शेजारणीबरोबर त्या व्यायामाच्या वर्गाला जाऊ लागल्या. तिथे बसून पायाचे अंगठे धरणं, गुडघ्याला कपाळ लावणं, उताणं झोपून डोकं-खांदे उचलणं असे प्रकार होते. दोन आठवड्यांत दुखणं दुपटीने वाढलं. इथे दोष योगासनांचा नाही, पुढे वाकण्याचा आहे. पाठ गोल करून वाकलं की मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा दाब एकवटतो, आणि ठिसूळ मणका नेमका तिथेच चेपतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९८४च्या अभ्यासात ठिसूळ हाडांच्या स्त्रियांचे गट केले होते. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवी मोड किंवा दबलेपणा दिसला, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये १६ टक्के. अभ्यास लहान आहे, अवघ्या ५९ जणींचा. तरीही हा फरक इतका मोठा आहे, की अशा रुग्णाला पश्चिमोत्तानासन किंवा सिट-अप्स सांगणं आम्हाला समर्थनीय वाटत नाही.

मोजमाप

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तपासणी झाली. उंची १४८ सेंटिमीटर भरली. तरुणपणी पाच फूट एक इंच, म्हणजे १५५. सात सेंटिमीटर गेले. ऐन उमेदीतल्या उंचीतून चार सेंटिमीटरपेक्षा जास्त घट झाली असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढायलाच हवा. वजन ४७ किलो.

भिंतीची चाचणी घरीही करता येते, फक्त नीट करायला हवी. टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला लावून उभं राहायचं, नजर सरळ समोर, आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. चूक होते ती हनुवटीपाशी. भिंतीला डोकं टेकवायच्या नादात माणूस हनुवटी वर करतो, अंतर कमी दिसतं आणि बाक लपतो. मोजणाऱ्याने बाजूला उभं राहून डोळ्याचा कोपरा आणि कानाची वरची कड एका आडव्या रेषेत आहेत ना, ते बघावं. आजींचं अंतर ९.५ सेंटिमीटर आलं. निरोगी पाठीत डोकं भिंतीला टेकतं.

यानंतरची चाचणी आमच्या मते सर्वांत उपयोगाची, आणि सर्वांत कमी वेळा केली जाणारी. आजींना कडक पलंगावर उताणं झोपवलं आणि पाच मिनिटं तसंच राहू दिलं. मग डोक्याखाली १.७ सेंटिमीटर जाडीच्या लाकडी फळ्या एकेक करून सरकवल्या, चेहरा छताला समांतर होऊन मानेचा ताण जाईपर्यंत. तीन फळ्या लागल्या, म्हणजे ५.१ सेंटिमीटर. उभं असताना साडेनऊ, झोपल्यावर पाच. मधला साडेचार सेंटिमीटरच्या आसपासचा फरक म्हणजे गुरुत्वाकर्षण काढून घेतल्यावर आपोआप सुटलेला बाक. तो स्नायूंच्या थकव्याचा आणि सवयीचा वाटा, उपचारांनी मिळण्यासारखा. उरलेले पाच सेंटिमीटर बव्हंशी हाडाचे. घरच्यांना पहिल्याच दिवशी हे आकडे दाखवले, त्यामुळे पुढे 'अजून पूर्ण सरळ का नाही झाल्या' हा प्रश्न आला नाही.

लवचिक पट्टी पाठीवर दाबून बाकाचा आकार कागदावर उतरवला. बाकाची लांबी ३२ सेंटिमीटर, खोली ५.३. खोलीला लांबीने भागून शंभराने गुणलं की १६.६ येतात, हा आकडा १३च्या वर गेला की बाक जास्त समजतात. काखेखालच्या सरळ रेषेत शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांत जेमतेम एक बोट जात होतं. दोन बोटांपेक्षा कमी जागा म्हणजे खालचे मणकेही दबल्याची शंका.

ताकदीच्या चाचण्यांत त्या फार मागे होत्या. खुर्चीतून हात न लावता उठ-बस तीस सेकंदांत सहा वेळा, या वयाच्या स्त्रीला निदान दहा जमायला हव्यात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला १६.८ सेकंद लागले, बारा किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. दोन्ही हातांत सुमारे ९०० ग्रॅमची वजनं घेऊन हात समोर खांद्याच्या रेषेत धरून उभं राहायचं, ही पाठीच्या दमाची चाचणी. आजी २२व्या सेकंदाला थांबल्या. पूर्ण श्वास घेतल्यावर छाती फक्त दोन सेंटिमीटर फुगत होती.

पायांतली ताकद, संवेदना, लघवी-शौचावरचा ताबा शाबूत होता. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये.

फिल्म आणि रक्त

उभ्याने काढलेल्या बाजूच्या एक्स-रेत डी ८ (छातीच्या भागातला वरून आठवा) मणक्याची पुढची उंची सुमारे ३० टक्क्यांनी आणि डी १२ची २२ टक्क्यांनी घटलेली दिसली. डी ४ ते डी १२ कॉब कोन (एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन) ५८ अंश. एमआरआयमध्ये डी ८च्या आत अजून सूज होती, म्हणजे एप्रिलची मोड पुरती भरली नव्हती. डी १२ जुना, कधी दबला ते कुणालाच ठाऊक नाही.

आपल्याकडे एमआरआयचं दुसरं काम क्षयरोग वगळणं. मणक्याच्या क्षयातही कुबड येतं, पण ते बहुधा एका ठिकाणी टोकदार असतं, दोन मणक्यांमधली गादी खाल्ली जाते, आजूबाजूला पू साठतो, संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असतं. आजींच्या गाद्या शाबूत होत्या, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) १८, म्हणजे ठीक. मायलोमासाठीची (अस्थिमज्जेचा एक कर्करोग) प्रथिनांची तपासणी, थायरॉईड, किडनी, रक्तातलं कॅल्शियम ठीक. ड जीवनसत्त्व १४, म्हणजे २०च्या खाली, कमी.

डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) अहवालात एक फसवी जागा होती. टी-स्कोर म्हणजे तरुण निरोगी हाडाशी केलेली तुलना, उणे जितका जास्त तितकं हाड विरळ. कमरेचा टी-स्कोर उणे १.९ आणि खुब्याचा उणे २.९. कमरेच्या मणक्यांत झीज होऊन हाडाचे काटे वाढलेले असले किंवा मणका दबून घट्ट झालेला असला, की यंत्राला तिथे हाड जास्त भरतं. केवळ कमरेचा आकडा वाचणाऱ्याने 'सौम्य विरळपणा' असं लिहून औषधं द्यायची टाळली असती. खरं तर किरकोळ धक्क्याने मणका मोडला, एवढ्यावरूनच ऑस्टिओपोरोसिसचं निदान पक्कं होतं, टी-स्कोर काहीही असो.

आणि घाई का करायची? मणक्याच्या नव्या मोडीनंतर वर्षभरात पाचांपैकी एकीचा आणखी एक मणका मोडतो. वरचा मणका पाचरीसारखा झाला की धडाचं वजन आणखी पुढे सरकतं आणि शेजारच्या मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतं. छातीतल्या प्रत्येक दबलेल्या मणक्यामागे फुप्फुसांची क्षमता साधारण ९ टक्क्यांनी घटते.

औषधांचा निर्णय

ड जीवनसत्त्व ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मग महिन्यातून एकदा. हे रोज घ्यायचं पाकीट नाही, हे सुनेला कॅलेंडरवर खुणा करून दिलं, कारण रोज घेतल्याने विषबाधा झालेले रुग्ण येतात. कॅल्शियमची गरज या वयात रोज १,२०० मिलिग्रॅम. आजींच्या दोन कप चहा आणि वाटीभर दह्यातून त्याच्या निम्मंही पोटात जात नव्हतं. रोज पेलाभर दूध, एका वेळी नाचणीची भाकरी (४० ग्रॅम पिठात सुमारे १४५ मिलिग्रॅम) आणि जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमची एक गोळी. प्रथिनं रोज ५० ते ५५ ग्रॅम. पोट लवकर भरतं म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान, त्यांत मटकीची उसळ, घट्ट वरण, पनीर, शेंगदाणे. प्रथिनांशिवाय पाठीचा स्नायू बांधला जात नाही, कितीही व्यायाम करा.

हाड मजबूत करणाऱ्या औषधांत आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी स्वस्त आणि चांगली. पण ती अनशापोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं, नाहीतर अन्ननलिका पोळते. आजींना ताठ बसणं जमत नव्हतं आणि पोट दबल्याने आंबट पाणी वर येत होतं. दोन मणके मोडलेल्या स्त्रीसाठी टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शनं हाड नव्याने घडवतात, डॉक्टरांनी आधी तीच सुचवली. रोज टोचणं, फ्रिजमध्ये सांभाळणं आणि खर्च पाहून घरच्यांनी नकार दिला. शेवटी वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम ठरलं. ड जीवनसत्त्व भरून आल्यावर, किडनीचा अहवाल पाहून आणि दंतवैद्याकडून हलणारा एक दात काढून जखम भरल्यावर, ते ऑक्टोबरमध्ये दिलं. ड कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी आली, पॅरासिटामॉलने दोन दिवसांत गेली. याची आधी कल्पना दिली नाही, तर माणसं पुढच्या वर्षी दुसरी सलाईन घेत नाहीत.

मुलाने मणक्यात सिमेंट भरण्याबद्दल विचारलं. असह्य आणि औषधांना न जुमानणाऱ्या दुखण्यात निवडक रुग्णांना ते करतात. २००९मध्ये आलेल्या दोन चाचण्यांत मात्र सिमेंट न भरता केलेल्या खोट्या प्रक्रियेपेक्षा त्याने दुखणं जास्त कमी झालं नाही, आणि इतक्या दिवसांच्या बाकाला ते सरळ करत नाही. आजी चालत होत्या, जेवत होत्या, त्यामुळे विषय थांबला. ऑनलाइन मिळणारे खांदे मागे ओढणारे पट्टे तर नकोच. काखेत रुततात आणि आपलं काम पट्टा करतोय म्हटल्यावर स्नायू ढिले पडतात.

व्यायाम

पहिले तीन आठवडे पाठीवरचं ओझं उतरवण्याचे. दिवसातून दोनदा, दुपारी आणि संध्याकाळी, दुखणं चढायच्या आधी, १५ ते २० मिनिटं उताणं झोपायचं. डोक्याखाली तीन फळ्यांएवढी घडी, गुडघ्यांखाली उशी, हात बाजूला तळवे वर. मग बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवून श्वास बाजूंना भरायचा, दहा वेळा. पलंगावरून उठताना आधी अख्खं अंग एकत्र कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं. आजी पूर्वी पलंगाची कड धरून सरळ उठायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा केलेलं ते एक सिट-अपच होतं.

चौथ्या आठवड्यापासून खरा व्यायाम, आठवड्यातून तीनदा, तास-पाऊण तास. उताणं झोपून कोपरं पलंगात दाबत छाती वर उचलणं, पाच सेकंद धरणं, दहा वेळा. पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपणं, हनुवटी आत, छाती फक्त दोन-तीन सेंटिमीटर वर, पाच सेकंद, सुरुवातीला सहा वेळा. पिवळा रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून फरे मागे-खाली ओढणं, आठाचे दोन फेरे. छातीच्या पुढचे आखडलेले स्नायू सोडवायला गुंडाळलेला टॉवेल कण्याच्या लांबीने पाठीखाली ठेवून हात पसरणं. टॉवेल आडवा ठेवला तर भरत आलेल्या डी ८वर टोचतो, म्हणून उभाच.

चुका ठरलेल्या असतात. छाती उचला म्हटलं की म्हातारी माणसं कंबर मोडतात, कारण कंबर सहज मोडते आणि वरची पाठ हलत नाही. मग दुखतं कमरेत आणि फायदा शून्य. यावर उपाय म्हणजे पालथं झोपताना पोटाखालची उशी जाड ठेवणं आणि कुल्ले हलके आवळून धरणं. दुसरी चूक मानेची. "अहो आजी, वर नाही बघायचं, हनुवटी गळ्याकडे घ्या," हे प्रत्येक सत्रात सांगावं लागतं. तिसरी, श्वास कोंडणं. मोठ्याने आकडे मोजायला लावले की ती आपोआप सुटते.

नवव्या आठवड्यापासून उभ्याने : ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून उठ-बस, एका पायावर तोल, अर्धा किलोपासून सुरू करून हातात वजन. खाली वाकायचं ते पाठीतून नव्हे, खुब्यातून, हे शिकवायला पाठीवर काठी धरली. काठी वरच्या पाठीला आणि माकडहाडाला टेकलेली राहिली पाहिजे, डोक्याला टेकवायचा हट्ट या पाठीत धरू नये. सकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणं सुरू झालं, दहा मिनिटांपासून. काठी टेकून नव्हे. छोट्या हातकाठीवर भार टाकला की माणूस आणखी वाकतो, म्हणून तोलासाठी सुनेचा दंड.

घर

व्यायाम आठवड्याला तीन तास, बाकीचे तास घरात जातात. म्हणून घर बघितल्याशिवाय असं प्रकरण पुरं होत नाही. आजी दिवसभरात कुठे किती वाकतात ते सुनेने दोन दिवस लिहून काढलं. घरच्यांचा अंदाज होता स्वयंपाकघर. निघालं देवघर.

देव जमिनीवरच्या चौरंगावर होते. रोजची पूजा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची : पाटावर बसून, गुडघे दुखतात म्हणून पाय पुढे घेऊन, पाठ पूर्ण गोल. देव ताम्हनात घेणं, पुसणं, गंध लावणं, फुलं वाहणं, मग मांडीवर पोथी. आजींना पूजा कमी करा सांगणं निरर्थक होतं, आणि त्याची गरजही नव्हती. देवघर भिंतीवर लावलं, तळ जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर. समोर टेकायला पाठ असलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकतील इतकीच उंच, म्हणजे बसल्यावर देव छातीच्या रेषेत येतात. पोथी तिरप्या लाकडी स्टँडवर डोळ्यांसमोर. पहिले चार दिवस आजी रुसल्या होत्या, खुर्चीत बसून पूजा त्यांना पटत नव्हती. नेहमी येणाऱ्या गुरुजींनी हरकत नाही म्हटल्यावर बसल्या. अशा ठिकाणी डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा गुरुजींचा शब्द लवकर लागू पडतो, त्यांना आधीच विश्वासात घ्यावं.

बाकीचे बदल झटपट झाले. विळी गेली, भाजी टेबलावर सुरीने. तांदूळ निवडायचं ताट मांडीवरून टेबलावर, कोपराच्या उंचीला. पोळ्या ओट्यावर, उंच स्टुलावर बसून. आंघोळीला पाटाऐवजी प्लास्टिकची खुर्ची, बादली दुसऱ्या खुर्चीवर आणि अर्धीच भरलेली. लांब दांड्याचा पोछा. कमोडवर दहा सेंटिमीटरचा उंचवटा आणि भिंतीला कडी. मोबाइल बघताना कोपरांखाली उशी. स्कूटरची मागची सीट बंद. रिक्षा नको, बसमध्ये मागची सीट नको, चारचाकीत पुढची सीट आणि चालवणाऱ्याला गतिरोधकांची ताकीद.

दिवाळीचा आठवडा

अकराव्या आठवड्यात दुखणं दहापैकी दोनवरून एकदम सातवर गेलं. चौकशीत कळलं, आजींनी फराळाच्या दिवशी दोन तास खाली बसून चकल्या पाडल्या. घट्ट पिठाचा सोऱ्या दाबताना दोन्ही हात छातीशी, खांदे पुढे आणि सगळा जोर पाठ गोल करून खाली. ठिसूळ मणक्यावर येणारा याहून वाईट भार घरात क्वचितच सापडेल. नव्या मोडीच्या शंकेने लगेच एक्स-रे काढला. जुन्या फिल्मशी ताडून पाहिल्यावर नवीन काही नव्हतं, कण्याशेजारचे स्नायू ताणले गेले होते. 'फराळाचं होतं हो, कोण करणार' असं म्हणून अंगावर काढलं असतं आणि मोड निघाली असती, तर सगळा क्रम बदलावा लागला असता. म्हणून अशा वेळी फिल्म टाळू नये.

आठवडाभर पुन्हा पहिल्या टप्प्याचे व्यायाम, शेक, साधी वेदनाशामक गोळी, मग दोन आठवड्यांत पूर्वपदावर. पीठ उभ्याने ओट्यावर मळणं आणि सोऱ्या तरुण हातांकडे देणं, हे त्यानंतर ठरलं.

चोविसाव्या आठवड्यात

जानेवारीच्या थंडीत फेरमोजणी झाली. भिंतीपासूनचं अंतर ९.५वरून ६.८. उठ-बस सहावरून दहा. तीन मीटरच्या चालीला १२.६ सेकंद, म्हणजे बाराची रेषा अजून ओलांडलेली नाही. वजन धरून उभं राहणं २२ सेकंदांवरून ५८. छातीचा फुगवटा ३.२ सेंटिमीटर. दुपारची आग बहुतेक दिवस नाही, जिना न थांबता.

कॉब कोन ५८वरून ५४. या आकड्याचं कौतुक बेतानेच करावं, कारण एकच फिल्म दोनदा मोजली तरी तीन-चार अंश इकडेतिकडे होतात. नीट आखलेल्या चाचण्यांमध्येही सहा महिन्यांच्या व्यायामाने सरासरी तीनेक अंशच कमी झालेले आहेत. पाठीची खरी कमाई दमात आणि तोलात दिसते, कोनात थोडीच. डी ८ आणि डी १२ होते तसेच आहेत. झोपताना तीन फळ्यांएवढी घडी आजही लागते आणि पुढेही लागेल.

व्यायाम आठवड्यातून तीनदा चालूच राहायचे आहेत, थांबवले की काही महिन्यांत ताकद ओसरते. उंची दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीपाशी, सकाळच्या वेळी, अनवाणी मोजायची. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त घटली तर दुखत नसलं तरी एक्स-रे. पाठीत अचानक नवी कळ, पायांत बधिरपणा किंवा लटपट, लघवी अडणं वा नकळत होणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा उतरतं वजन, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. झोलेड्रोनिकची दुसरी सलाईन येत्या ऑक्टोबरमध्ये, त्याआधी किडनी आणि ड जीवनसत्त्व पुन्हा तपासून. डेक्सा त्याच यंत्रावर आणखी दीड वर्षाने, आणि तेव्हा वाचायचा आकडा खुब्याचा. चैत्रात आजींना वणीला सप्तशृंगी गडावर जायचं आहे. परवानगी दिली आहे : चारचाकीत पुढे बसून, दर तासाने उतरून पाच मिनिटं चालून, आणि वर पायऱ्यांनी नव्हे, ट्रॉलीने.